मसाला नट बटर घरी करताना: आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने विकतचं नट बटर घरात आलेलं नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी एक बरणी घरीच होते. पहिल्याच आठवड्यात हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते. बरं झालं नाही लिहिलं, कारण त्या पहिल्या बरणीने चौथ्या दिवशी रंग दाखवला.

४०० ग्रॅम बदाम, त्यात दालचिनी आणि एक छोटा चमचा लवंगेची पूड. दळून झाल्यावर चाखलं तर मसाला नावालाच. म्हणून आणखी अर्धा चमचा लवंग घातली. दुसऱ्या दिवशी मस्त वाटलं, तिसऱ्या दिवशी जरा उग्र, आणि चौथ्या दिवशी जीभ बधिर! दुखऱ्या दाताखाली लवंग धरल्यावर जो युजेनॉल काम करतो, तोच इथे बरणीभर पसरला होता. मसाल्यांचे सुगंधी घटक बहुतेक तेलात विरघळणारे, आणि बदामाचं निम्मं वजन तेलाचंच. कोरड्या पुडीतून वास आणि चव त्या तेलात हळूहळू उतरत राहते. आपण मात्र गरम, नुकत्याच दळलेल्या लगद्याची चव घेऊन निकाल देतो.

या आठ महिन्यांत शिकलेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. मीठ आणि गोडी त्याच दिवशी ठरवा, मसाला तिसऱ्या दिवशी. कमी वाटला तर वाढवता येतो. जास्त झालेला काढता येत नाही, फक्त पातळ करता येतो. ती लवंगेची बरणी मी बिनमसाल्याच्या तीन बरण्यांत वाटून संपवली. तेव्हापासून एक साधी बरणी कायम बाजूला असते.

सध्या ४०० ग्रॅम बदामाला माझं प्रमाण असं: दालचिनीची पूड एक छोटा चमचा, वेलची अर्धा, सुंठ पाव, जायफळ चिमूटभर, लवंग एक-दोन नगांची पूड आणि मीठ पाव चमचा. जायफळ चिमटीपलीकडे जाऊ देत नाही. त्याची चव पटकन कडवट होते आणि जास्त प्रमाणात ते अंगाला बाधतंही. रोज खाणार असाल तर दालचिनीही बघून घ्या. जाड, कडक सालीच्या कॅसिया प्रकारात कूमारिन बरंच असतं आणि ते सतत जास्त पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास होऊ शकतो. पातळ पापुद्र्यांच्या सिलोन दालचिनीत ते अगदी कमी असतं. तिचा वासही सौम्य, त्यामुळे मला तीच जास्त आवडू लागली.

तिखट प्रकार शेंगदाण्यावर उत्तम जमतो. लाल मिरची, मिरे, थोडं भाजलेलं जिरं. मिरचीचा झणकाही तेलात उतरतो, तेव्हा तिथेही हात आखडता.

भाजण्याला पर्याय नाही. कच्च्या बदामाचं करून पाहिलं: रंग फिका, चव पिठूळ, आणि तेल सुटायला दुप्पट वेळ. बदाम ओव्हनमध्ये १६० अंशांवर १२ ते १४ मिनिटं ठेवते. एक बदाम मधोमध कापला की आत फिकट तपकिरी दिसला पाहिजे. बाहेर काढल्यावर लगेच ताटात पसरायचे, कारण गरम ट्रेवर ते भाजतच राहतात. मसाले कधीही दाण्यांबरोबर भाजू नका, दाणे होईपर्यंत मसाला करपतो. अख्खे मसाले वेगळे, मंद आचेवर मिनिटभर गरम करायचे, दळून बारीक चाळणीने चाळायचे. चाळायचा कंटाळा केला की दालचिनीचे धागे दाताखाली येतात.

आता मिक्सर. पहिल्या दोन मिनिटांत पूड होते आणि भांड्याच्या कडांना चिकटते. ती खरवडून खाली घ्यायची. मग तिचा गोळा होऊन पात्याभोवती नुसता फिरतो. इथे बहुतेकांचा हात तेलाच्या बाटलीकडे जातो, माझाही जायचा. थांबा. दाण्याच्या पेशी फुटून आतलं तेल बाहेर यायला वेळ लागतो. मग एका क्षणी तो गोळा अचानक सैल पडतो आणि मिक्सरचा आवाजही बदलतो. तो आवाज आता मला दुसऱ्या खोलीतून कळतो. काजू मऊ म्हणून लवकर होतात, शेंगदाणेही. बदाम मात्र अंत पाहतात: ४० सेकंद फिरवणं, दोन मिनिटं विश्रांती, असं करत अर्धा तास सहज जातो. विश्रांती न देता रेटलं तेव्हा मिक्सर मधेच बंद पडला. जळला असं समजून मी हबकले होते. मोटर तापल्यामुळे सुरक्षेचं बटण सुटलं होतं, गार झाल्यावर ते दाबलं आणि चालू झाला. दाणे पात्यांच्या वर येतील इतके हवेत, नाहीतर पाती हवेतच फिरतात.

पाण्याचं मात्र कडक पथ्य. एकदा हौसेने ताजं आलं किसून घातलं. वाहतं बटर डोळ्यांदेखत घट्ट, ढेकळासारखं झालं. आल्यातलं पाणी दाण्यातल्या प्रथिनांना आणि पिष्टाला चिकटतं आणि सगळं आळून येतं. मधानेही तेच होतं. शिवाय नट बटर टिकतं ते त्यात पाणी जवळजवळ नसतं म्हणून. ओलं काही घातलं तर ते फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचं. गोड हवं तर पिठीसाखर, तीही अगदी बारीक दळलेली, कारण साखर तेलात विरघळत नाही आणि दाताखाली कचकचते. गरम दाण्यांवर झाकण लावलं तरी वाफेचं पाणी आत पडतं, म्हणून ते कोमट होईपर्यंत धीर धरावा लागतो.

तक्रारी? आहेत. विकतच्यासारखा रेशमी मऊपणा मला घरच्या मिक्सरवर एकदाही मिळाला नाही. तेल वर तरंगतं. विकतच्या बऱ्याच प्रकारांत घट्ट राहणारी हायड्रोजनित तेलं घालून ते थांबवलेलं असतं. मी बरणी एक दिवस उलटी ठेवते, मग तळापासून ढवळून फ्रिजमध्ये. अक्रोडाची बरणी बाहेर ठेवली होती, ती तिसऱ्या आठवड्यात खवट झाली. त्याच्या तेलाचा स्वभावच तसा. आता अक्रोड थोडेच आणि कायम थंडीत. भांडं धुणं हा तर वेगळाच वैताग, पात्याखालचा लगदा निघता निघत नाही. कोमट पाणी आणि साबणाचा थेंब घालून पुन्हा फिरवलं तर निम्मं काम होतं.

दाणे निवडताना दया दाखवू नका. बुरशीचा वास, काळपट डाग किंवा सुरकुतलेला शेंगदाणा दिसला की सरळ बाहेर. त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, भाजल्याने पूर्ण जात नाही. आणि कुणाला द्यायची असेल तर बरणीवर आत काय आहे ते लिहाच. शेंगदाणा वनस्पतिशास्त्रात शेंगवर्गातला असला तरी त्याची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते. एकाच भांड्यात सगळं दळत असाल तर तेही सांगा.

तारे द्यायचेच तर चार. एक कापला तो अर्ध्या तासाच्या गोंगाटासाठी. काल काजू आणि वेलचीची बरणी भरली आहे. चव अजून फिकी वाटते आहे, पण परवापर्यंत तिच्यात चमचा घालणार नाही.