सावंतवाडीहून आलेली लाकडाची बाली

माझा मुलगा दोन वर्षं इंडोनेशियातल्या बाली बेटावर एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. नात तिसरीत, इथं मालवणात माझ्याजवळ. जूनमध्ये तो सुट्टी संपवून परत गेला, तेव्हा तिकिटावर तिनं 'देनपसार' वाचलं होतं आणि पोचल्यावर तो फोनवर म्हणाला, "बाडुंगला उतरलो." पोर रडवेली झाली. बाबा एक सांगतो, कागद दुसरंच. विमानतळ देनपसारच्या नावानं ओळखला जातो, पण तो बाडुंग जिल्ह्याच्या जमिनीवर आहे, हे मी तोंडी सांगून पाहिलं. तीस वर्षं भूगोल शिकवला आहे मी. असलं काही हातात दिल्याशिवाय मुलांना पटत नाही. म्हणून सावंतवाडीच्या चितार आळीत गेले आणि तिथल्या एका छोट्या दुकानात बालीचा तुकडे जोडायचा नकाशा करायला टाकला.

दुकान म्हणजे पुढे लाकडी फळं, भातुकली, गंजिफाचे, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांचे, डबे आणि मागे कामाची जागा. कारागीर साठीचे. बटर पेपरवर मी बेट काढून नेलं होतं, आठ जिल्हे आणि एक देनपसार शहर. ते शहर १९९२ साली बाडुंगमधून वेगळं झालं. जिल्ह्याला तिकडे 'काबुपातेन' म्हणतात आणि त्याखाली 'कचामातान', आपल्या तालुक्यासारखे. बालीभर असे ५७ आहेत. ५७ तुकडे करायचा मोह झाला होता, पण नातीचं वय बघून नऊवर थांबले. त्यांनी कागद उजेडाकडे धरून प्रत्येक रेघ विचारून घेतली. बांगलीवर बोट ठेवून म्हणाले, "बाईनू, हेका दर्याच नाय?" नाही. बालीत समुद्र नसलेला तो एकच जिल्हा. एवढ्या बारकाईनं वर्गातल्या मुलांनीही कधी नकाशा बघितला नव्हता.

आठ दिवस सांगितले होते, लागले तेवीस. मधे चतुर्थी आली आणि गणपती रंगवायचं काम सोडून बालीला कोण हात लावणार? त्याबद्दल तक्रार नाही. पण उशीर होणार हे फोन करून सांगायला हवं होतं. दोन फेऱ्या फुकट गेल्या आणि मालवणहून सावंतवाडी काही शेजारी नाही.

पहिला नमुना मी परत केला. क्लुंगकुंगचा तुकडा त्यांनी फक्त मुख्य बेटावरचा कापला होता, करंगळीच्या पेराएवढा. समोरचं नुसा पेनिदा त्यांना वेगळा मुलूख वाटला म्हणून फळीवर नुसतं रंगवून टाकलं. खरं तर जिल्ह्याची निम्म्याहून जास्त जमीन त्या पेनिदावर आणि त्याच्या जवळच्या दोन लहान बेटांवर आहे. ती काढली तर क्लुंगकुंग उरतोच किती? त्यांनी वाद न घालता पेनिदा वेगळं कापून त्याच जांभळ्या रंगात दिलं, मधे सामुद्रधुनीची निळी पट्टी. वरचे पैसेही घेतले नाहीत. आता तुकडे दहा आणि रंग नऊ. नातीला समजवायला मी तोंड उघडणार, एवढ्यात तीच म्हणाली, "आजी, किल्ला पण मालवणचाच ना? मधे पाणी आहे म्हणून काय झालं?"

डोंगर मात्र पाहावेत असे झाले आहेत. सावंतवाडीची चरकावर लाकूड फिरवून घडवायची कला त्यांनी इथं वापरली. करांगासेमच्या तुकड्यावर आगुंगचा शंकू, लाखेच्या लाल रंगात. तीन हजार मीटरवरचा हा ज्वालामुखी १९६३ मध्ये फुटला तेव्हा हजारावर माणसं गेली. बांगलीत बातूर, तो बुटका आणि जुन्या मोठ्या ज्वालामुखीच्या खचलेल्या कढईत बसलेला, शेजारी निळं तळं. हे दोन शंकू बसले की सीमा अशा का, ते बोटांना कळतं. ओढे-नद्या डोंगरातून दऱ्या कापत दक्षिणेला उतरतात आणि ताबानान, बाडुंग, ग्यान्यार हे जिल्हे त्यांच्याच दिशेनं डोंगर ते समुद्र असे उभे पसरले आहेत. बाडुंग तर पळीसारखा, वर चिंचोळा दांडा आणि खाली बुकित या दक्षिण टोकाचा फुगवटा. विमानतळ नेमका या दोन्हींच्या मधल्या गळ्यात. तिथं नातीनं शिसपेन्सिलीनं फुली मारली आहे, बाबा.

प्रत्येक तुकड्यामागे मुख्य ठिकाण लिहून घेतलं: बुलेलेंगचं सिंगाराजा, जेम्ब्रानाचं नगारा, करांगासेमचं आम्लापुरा, क्लुंगकुंगचं समारापुरा. बाडुंगमागे माझ्या जुन्या ॲटलासवरून देनपसार लिहिलं होतं, ते खोडून मंगुपुरा करवलं, कारण २००९ पासून तेच आहे. अक्षर सुरेख, हाताचं. हे आठही जिल्हे पूर्वीची राज्यं आहेत. डचांनी आधी उत्तरेचं बुलेलेंग घेतलं. १९०६ मध्ये बाडुंगचा आणि १९०८ मध्ये क्लुंगकुंगचा राजा शरण न जाता आपल्या माणसांसह बंदुकांसमोर चालत गेला. मी हे सांगत होते तेव्हा कारागिरांचा ब्रश थांबला होता. "म्हंजे आमच्या संस्थानासारखांच," एवढंच म्हणाले आणि क्लुंगकुंगला दुसरा हात दिला.

आता उणं. जेम्ब्राना आणि बुलेलेंग दोन्ही हिरवे, संध्याकाळच्या दिव्यात एकच वाटतात, आणि हे दोन तर एकमेकांना लागून आहेत. ताबानानची एक कड नीट घासलेली नव्हती, नातीच्या बोटात कूस गेली. पॉलिश पेपर मीच मारला. देनपसारचा तुकडा खोडरबराएवढा. घरात तान्हं मूल असेल तर तो वर ठेवावा. किंमत ९५० रुपये. शिवणीचं लाकूड, हातकाम आणि दुसऱ्यांदा केलेली कापणी बघता मला ती रास्त वाटली. प्लायवर छापील चित्र चिकटवून मिळतं त्याच्याशी याची तुलना करू नये.

परवा सिंधुदुर्गाचा नकाशा करायला टाकला. आठ तालुके, ५,२०७ चौरस किलोमीटर, म्हणजे बालीहून थोडाच लहान. तिथं मात्र ४३ लाख लोक राहतात आणि इथं साडेआठ. मुलाच्या किचनमध्ये सिंगाराजाचा एक सहकारी आहे, त्याच्या मुलीसाठी दिवाळीत माझा मुलगा हा नकाशा घेऊन जाईल. ऑर्डर द्यायला जाल तर बटर पेपरवर स्वतः रेघ काढून न्या, मोबाइलवरचं चित्र ते घेत नाहीत. आणि दोन लागून असलेल्या भागांचे रंग आधीच ठरवून सांगा.