जुन्या छोट्या ट्रॅक्टरची हाताची रेस: १४ महिन्यांच्या वापरानंतर

निफाड तालुक्यातील आमच्या दोन एकर द्राक्षबागेसाठी १८ एचपीचा वापरलेला ट्रॅक्टर घेतला, त्याला आता १४ महिने झाले. इंजिन, गिअर आणि हायड्रॉलिकविषयी माझी तक्रार नाही. लिहायचे आहे ते हाताच्या रेसच्या, म्हणजे इंजिनचा वेग हाताने लावून ठेवायच्या लिव्हरच्या, केबलविषयी, कारण या एका केबलपायी माझे जितके पैसे आणि फवारणीचे जितके दिवस गेले, तितके बाकीच्या सगळ्या ट्रॅक्टरपायी मिळूनही गेले नाहीत.

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने एकेक तास मोलाचा असतो. ब्लोअर, म्हणजे पंख्याने औषध उडवणारे फवारणी यंत्र, जोडून रेस मीटरवरील पीटीओच्या (यंत्राला जोडणारा ट्रॅक्टरचा मागचा फिरता दांडा) ५४० फेऱ्यांच्या खुणेवर लावावी आणि दोन ओळी जाईपर्यंत ती आपोआप उतरावी, असे पहिल्याच हंगामात सुरू झाले. रेस उतरली की पीटीओचे फेरे कमी होतात, पंख्याची हवा आणि फवारणी पंपाचा दाब दोन्ही पडतात, आणि नेमकी पानांची खालची बाजू कोरडी राहते, जिथे ही बुरशी वाढते. एका फवारणीत तर माझ्या मुलाला शेवटपर्यंत हाताने लिव्हर धरून बसावे लागले.

सर्व्हिस सेंटरमध्ये आधी एक केबल बदलली, दोन महिन्यांनी दुसरी. तिसऱ्या खेपेला ‘डिझेल पंप उतरवून तपासावा लागेल’ असे सांगून मोठ्या खर्चाचा अंदाज दिला. त्या काळात मी भावकीतल्या दोघांना हा ट्रॅक्टर घेऊ नका असे स्पष्ट सांगितले होते. ते मत आता मी मागे घेतो, कारण दोष ना ट्रॅक्टरचा होता ना पंपाचा.

पंप उतरवू देण्यापूर्वी मी इंजिन बंद केले, केबल पंपाच्या टोकाशी सोडवली आणि पंपाचा हात बोटाने फिरवून पाहिला. तो अगदी मोकळा होता आणि स्प्रिंगने नीट परत येत होता. नंतर केबल परत जोडून मुलाला लिव्हर हलवायला सांगितले आणि मी तारेकडे न पाहता केबलच्या कव्हरकडे पाहत राहिलो. लिव्हर ओढताच कव्हरचे टोक क्लॅम्पमधून जवळजवळ १० मिलिमीटर पुढे सरकत होते. केबलमध्ये तार जितक्या जोराने ओढते, तितक्याच जोराने कव्हर उलट रेटा घेत असते, म्हणून कव्हरची दोन्ही टोके घट्ट बसलेली नसली तर लिव्हरची निम्मी ओढ पंपापर्यंत पोहोचतच नाही. आणि इंजिनच्या थरथरीने कव्हर सरकत गेले की लावलेली रेसही उतरते. तीन खेपांत तार सर्वांनी पाहिली, पण हा क्लॅम्प कोणीही पाहिला नाही, याचा मला अजूनही राग येतो.

दुसरा दोष नव्या केबलच्या लांबीचा निघाला. ती मूळ केबलपेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर लांब होती, त्यामुळे तिला सायलेन्सरजवळ जास्तीचे वळण द्यावे लागले होते. वळणे वाढली की आतले घर्षण फार झपाट्याने वाढते, आणि उष्णतेने आतले प्लॅस्टिकचे अस्तर मऊ पडून तार त्यात रुतते. मी मूळ लांबीची केबल शोधून आणली, ती रुंद वळणाने सायलेन्सरपासून दूर नेली, क्लॅम्प नवा बसवला आणि ॲडजस्टरचा लॉकनट आवळला. शेवटी लिव्हरच्या बुडाशी असलेली झिजलेली घर्षणाची चकती बदलली, कारण ती ढिली असली तर पंपाची स्प्रिंग लिव्हरला हळूहळू मागे ओढते. सगळे मिळून खर्च ६०० रुपयांच्या आत झाला. यंदाच्या हंगामात रेस एकदाही उतरली नाही.

बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण) आणि गंधक फवारणाऱ्यांनी फवारणीनंतर केबलची उघडी टोके साध्या पाण्याने धुऊन पुसावीत, कारण मोरचूद लोखंडी तारेला लवकर खाते. अस्तर असलेल्या केबलमध्ये ग्रीस मात्र भरू नये. मी पहिल्या वर्षी भरले होते, त्यात धूळ बसून ती अधिकच जड झाली.

इंजिन बंद करायला ओढायच्या स्टॉप केबलचेही लक्षण लिहून ठेवतो. एका सकाळी ट्रॅक्टर सुरूच होईना आणि बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला, तेव्हा कळले की आदल्या संध्याकाळी ओढलेली स्टॉप केबल गंजामुळे पूर्ण परत गेली नव्हती आणि पंपातून डिझेल बंदच होते. उलट हीच केबल तुटली तर या जुन्या डिझेल इंजिनची चावी फिरवूनही इंजिन बंद होत नाही, म्हणून पंपावरचा बंद करायचा हात नेमका कोणता, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला मी दाखवून ठेवले आहे. माझ्या केबलचे दोन धागे तुटलेले दिसत आहेत; तिची लांबी मी सुतळीने मोजून ठेवली आहे आणि एप्रिल छाटणीपूर्वी ती बदलणार आहे.