कॅमेरा आईच्या घरात, मालकी दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये

आई अमळनेरला एकटी राहते, मी जळगावला. नोकरी आणि मुलीची दहावी यामुळे आठवड्यातून एकदाच जाणं होतं. मागच्या उन्हाळ्यात ती अंगणात चक्कर येऊन पडली, आणि शेजारच्या काकू ताक द्यायला आल्या तेव्हा कुठे कुणाला कळलं. त्या दिवसापासून माझ्या जिवाला थारा नव्हता. आईच्या घरात कॅमेरे लावायचे, हे मी त्याच आठवड्यात ठरवलं.

बसवणारा ओळखीतूनच मिळाला. तीन वायफाय कॅमेरे, चार स्मार्ट स्विच, मेमरी कार्डं आणि फिटिंग मिळून १८,५०० रुपये. पक्कं बिल मागितलं तर वहीच्या कागदावर लिहून दिलं, मीही घेतलं. एक कॅमेरा दारावर, एक गच्चीवर आणि एक आईच्या झोपायच्या खोलीत, कारण ती रात्री उठते तेव्हाचीच मला जास्त काळजी. आईला ते पटलं नव्हतं. तिने विचारलं, "हाऊ रातले बी माले देखस का?" मी म्हटलं, "फक्त मी बघणार आई, दुसरं कुणी नाही."

सगळी फसवणूक पुढच्या पाच मिनिटांत झाली. तो म्हणाला, "ताई, तुमच्या मोबाइलवरून वेळ जाईल. मी माझ्यातून जोडतो अन् तुम्हाला शेअर करतो." मला सोयीचं वाटलं. आता कळतं ते असं: असा कॅमेरा पहिल्यांदा ज्याच्या खात्यातून जोडला जातो, तोच अॅपच्या दृष्टीने मालक. बाकीचे सगळे पाहुणे. पाहुण्याला चित्र दिसतं, पण आणखी कोण बघतंय हे दिसत नाही आणि मालकाला बाहेर काढता येत नाही. पैसे मी दिले, वीज आईची, वायफाय आमचं, आणि मालक तो.

स्विचचं थोडक्यात सांगते. बहुतेक स्मार्ट स्विचना बोर्डात न्यूट्रल वायर लागते, जुन्या घरांच्या बोर्डात ती बऱ्याचदा नसते. त्याने शेजारच्या प्लगमधून कशीतरी ओढली. महिन्याभरात दोन स्विच बंद पडले.

कॅमेऱ्यांनी मात्र सुरुवातीला खूप सुख दिलं, हे मी नाकारणार नाही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, रात्री झोपताना, दिवसातून वीसदा मी अॅप उघडायची. गच्चीवर आई जुन्या लुगड्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, टाकताना दिसायची. एक बिबडी टाकून झाली की कमरेवर हात ठेवून क्षणभर सरळ व्हायची, मग पुन्हा वाकायची. लहानपणी तिच्या शेजारी बसून ओल्या बिबड्या खाल्लेल्या, ते सगळं आठवायचं. दोन महिन्यांनी बघणं कमी झालं. आई ठीक आहे ना, एवढं पाहिलं की अॅप बंद. सवयीची झालेली वस्तू आपण तपासत नाही, आणि मीही तपासली नाही.

चौथ्या महिन्यात त्याचा फोन आला: क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवर रेकॉर्डिंग साठवण्याचं, रिन्यूअल, ३,६०० रुपये. मी यूपीआयने पाठवले. आमचं रेकॉर्डिंग तर मेमरी कार्डावर होत होतं, क्लाउड कधी घेतलाच नव्हता! सहाव्या महिन्यात 'सर्व्हर चार्ज' म्हणून आणखी २,५०० मागितले. या वेळी मी पावती मागितली आणि पावतीशिवाय देणार नाही म्हणून सांगितलं. त्याच रात्री नऊ वाजता अॅपवर ओळ आली: 'मालकाने हे डिव्हाइस शेअर करणं थांबवलं आहे.' तिन्ही कॅमेरे यादीतून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अमळनेर गाठलं. पिनेने रिसेटचं बटण दाबून धरलं, कॅमेरा बोलला, लाल-निळा दिवा लागला. माझ्या खात्यात जोडायला गेले तर उत्तर आलं, हे डिव्हाइस दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे. खाली त्या खात्याचा नंबर, मधले आकडे चांदण्यांनी झाकलेले. शेवटचे दोन आकडे त्याचेच होते. माझ्या हातापायातलं बळ गेलं. सहा महिने आईच्या झोपायच्या खोलीचं चित्र त्या माणसाच्या मोबाइलमध्ये उघडत होतं. त्याने ते पाहिलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

मी तिन्ही कॅमेऱ्यांच्या वायरी काढल्या. त्याला फोन केला तर 'आयडी ट्रान्सफर'चे, म्हणजे कॅमेरे माझ्या खात्यात द्यायचे, ३,००० मागितले. एक रुपया दिला नाही. यूपीआयच्या नोंदी, त्याचे मेसेज आणि त्या स्क्रीनचे फोटो जोडून राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार केली. पैशाची फसवणूक ताजी असेल तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, तिथे वेळेला किंमत आहे. ग्राहक म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते. माझी अडचण पक्क्या बिलाची आहे, ती तुमची होऊ देऊ नका.

दोन कॅमेऱ्यांच्या खोक्यावर सीरियल नंबर होता. कंपनीच्या कस्टमर केअरला फोटो पाठवल्यावर त्यांनी जुनं खातं तोडलं. तिसऱ्याचं स्टिकर खरवडलेलं, त्यावर ना कंपनी, ना आर-ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक. तो झोपायच्या खोलीतलाच होता.

बसवणाऱ्याला घरात घेण्याआधी अॅप स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या नंबरने उघडून ठेवा. कॅमेरा तुमच्याच हाताने जोडा, अर्धा तास जाऊ द्या. तो घरातून जायच्या आधी शेअरिंगची यादी उघडून त्याच्यासमोर बघा. वायफायचा पासवर्ड त्याच रात्री बदला. आणि आई-वडिलांच्या खोलीत कॅमेरा लावायचा असेल, तर त्यांचं 'नाही' ऐका. मी ऐकलं नाही.

आता दारावर एक कॅमेरा आहे, माझ्या खात्यातला, आणि गच्चीवर एक. खोलीतल्या भिंतीवर स्क्रूची दोन भोकं राहिली आहेत. मागच्या रविवारी गेले तेव्हा पाहिलं, आई अजूनही लुगडं बदलायला मोरीत जाते.