झोटेरोत पीडीएफ कुठे ठेवायच्या: त्याच्या पोटात की आपल्या फोल्डरात?

कॉलेजात एक कॉम्प्युटर, घरी एक लॅपटॉप, दोन्हीकडे झोटेरो, म्हणजे संदर्भांच्या नोंदी आणि त्यांच्या पीडीएफ सांभाळणारं सॉफ्टवेअर. इथवर आलात की पुढचा प्रश्न ठरलेलाच. पीडीएफ झोटेरोच्या 'स्टोरेज'मध्ये जाऊ द्यायच्या, की आपल्या फोल्डरात ठेवून नोंदीला नुसती लिंक द्यायची? पुण्या-मुंबईची जाणकार मंडळी डोळे झाकून पहिला पर्याय सांगतात. त्यांचं काही चुकत नाही, त्यांच्याकडे नेट असतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात बसून पीएच.डी. करणाऱ्यानं मात्र जरा दमानं घ्यावं.

स्टोरेजचं सुख मोठं आहे, हे आधीच कबूल करतो. फाइल आठ अक्षरांच्या कुठल्याशा अगम्य फोल्डरात जाऊन पडते. तिथं आपण सहसा हात घालत नाही, म्हणून ती हलत नाही आणि लिंकही तुटत नाही. मोबाइलवर उघडते, चारचौघांच्या सामाईक ग्रुप लायब्ररीत चालते. झोटेरोच्या सर्व्हरवर फुकट जागा 300 एमबी, त्यापुढे 2 जीबीला वर्षाचे 20 डॉलर. फायली झोटेरोऐवजी दुसऱ्या सर्व्हरवर ठेवायची वेबडॅव्हची सोय आहे, पण ती स्वतःच्या लायब्ररीपुरतीच.

तरीही मी तिथून उठलो, ते एकाच कटकटीपायी. नोंद आणि फाइल एकत्र प्रवास करत नाहीत. रात्री घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जुन्या गॅझेटियरचं जाडजूड स्कॅन टाकायचं. नोंद, टॅग, टिपणं चुटकीसरशी वर जातात, फाइल मात्र टॉवरच्या मर्जीवर. सकाळी कॉलेजात उघडावं तर नोंद जागेवर, नाव जागेवर, पीडीएफवर क्लिक केलं की उत्तर येतं: फाइल सापडत नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून अजून सिंक झाली नसावी. आता याला इथं बसून इलाज नाही. मूळ फाइल घरच्या लॅपटॉपवर, लॅपटॉप बंद, आणि गावात लाइन गेलेली. समोर गाइड, आणि आपण म्हणतोय, "सर, घरी आहे." ज्या मशीनवर अडलं तिथंच दुरुस्ती करता येऊ नये, याचा मला मनस्वी राग येतो.

लिंकची पद्धत याहून जास्त वेळा बिघडते, हे खरंच. पण बिघाड समोरच दिसतो आणि तिथल्या तिथं सुधारतो. मुख्य कारण एकच: झोटेरो फाइलचा अख्खा पत्ता लिहून ठेवतो. घरी फोल्डर डी ड्राइव्हवर असतो, कॉलेजात ई ड्राइव्हवर, मग पत्ता जुळणार कसा? त्यासाठी सेटिंग्जच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात 'लिंक्ड अटॅचमेंट बेस डिरेक्टरी' आहे. तिथं प्रत्येक मशीनवर त्या-त्या ठिकाणचा फोल्डर दाखवायचा. मग झोटेरो त्या फोल्डरच्या पुढचाच पत्ता लक्षात ठेवतो, अलीकडचा काही का असेना. ही सेटिंग मात्र सिंक होत नाही. लॅबवाल्या भाऊंनी मशीन फॉरमॅट केलं की पुन्हा भरायची. दोन मिनिटांचं काम आहे, नेटही लागत नाही.

फायली न्यायला मी सिंकथिंग वापरतो, दोन मशीनवरचे फोल्डर एकसारखे ठेवणारं सॉफ्टवेअर. लॅपटॉप कॉलेजात नेला आणि दोन्ही मशीन एकाच वायफायवर आली की फायली थेट इकडून तिकडे जातात, रिचार्जच्या डाटाला धक्का लागत नाही. तेही जमलं नाही तर पेनड्राइव्ह आहेच. त्याच फोल्डरात त्याच नावानं फाइल टाकली की लिंक जिवंत. शिवाय झोटेरोच्या रीडरमध्ये मारलेल्या पिवळ्या खुणा फाइलमध्ये नाही, डेटाबेसमध्ये राहतात. जड फाइल खिशातून, हलक्या खुणा नेटवरून, अशी वाटणी मला तरी सोयीची वाटली.

दोन पथ्यं मात्र पाळावी लागतात. फाइलचं नाव बाहेरून बदलायचं नाही, आणि मराठी नावं आखूड ठेवायची. एखादं मशीन उबुंटूवर असेल तर तिथं नावाला 255 बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम 85 चिन्हं. आपल्या प्रबंधांची शीर्षकं पाहता हे सहज ओलांडलं जातं, आणि विंडोजवर नीट असलेली फाइल तिकडे पोचतच नाही. आणि हो, झोटेरोचा मूळ डेटा फोल्डर सिंकथिंगमध्ये किंवा गूगल ड्राइव्हमध्ये कधीच ठेवू नका, डेटाबेस खराब होण्याची भीती असते.

मोबाइलवरच वाचत असाल किंवा ग्रुपमध्ये फायली वाटायच्या असतील तर स्टोरेजच घ्या, तिथं लिंक चालत नाही. बाकीच्यांनी निदान सुरुवात तरी लिंकपासून करून पाहावी असं मला वाटतं. पुढे गावात चांगलं नेट आलं तर टूल्समधल्या 'मॅनेज अटॅचमेंट्स'मधून सगळ्या लिंक एका फटक्यात स्टोरेजमध्ये घेता येतात. उलट यायचं म्हटलं तर झॉटमूव्हसारखं प्लगइन शोधावं लागतं. त्याच कामाचं जुनं झॉटफाइल झोटेरो 7 वर चालत नाही.