दुबार पासवर्ड नोंदी: हाताने निवडाव्यात, फाइल काढून गाळाव्यात की मॅनेजरवर सोपवाव्यात?

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एकत्र साठवणारा प्रोग्राम, काही वर्षे वापरात राहिला की त्यात एकाच खात्याच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी साचू लागतात. लॉगिनच्या वेळी त्या सगळ्या एकाखाली एक दिसतात आणि त्यांतली चालू कोणती, हे बाहेरून ओळखता येत नाही. अंदाजाने निवडलेला जुना पासवर्ड बँकेच्या पानावर लागोपाठ चुकला, तर खाते तात्पुरते बंद होते. त्यामुळे ही अडचण केवळ टापटिपीची नाही. इंदुरात सियागंजातील घाऊक व्यापाऱ्यांची जीएसटी आणि आयकराची कामे पाहणाऱ्या एका लहान कार्यालयात मी काम करते. रामबागेतल्या आमच्या घरी वडिलांच्या पेन्शनपासून विजेच्या बिलापर्यंत सगळ्यांचे पासवर्डही माझ्याकडेच असतात. या दोन ठिकाणी एकच उपाय लागू पडत नाही, आणि कोणता उपाय कोठे निवडावा यासाठी हा आढावा आहे.

माझे मत आधीच सांगते. घरच्या नोंदींसाठी हाताने निवड करणे हाच योग्य मार्ग आहे, मग त्याला चार संध्याकाळी लागल्या तरी चालेल. मॅनेजरच्या स्वयंचलित सोयीवर फक्त तंतोतंत प्रती सोपवाव्यात. सगळ्या नोंदींची सीएसव्ही (साध्या मजकुराच्या तक्त्याची) फाइल काढून स्प्रेडशीटमध्ये गाळण्याचा मार्ग सर्वांत झटपट वाटतो, पण सर्वांत जास्त नुकसान तेथेच होते.

आधी दुबार नोंद कोणती, ते ठरवावे

तंतोतंत प्रती बहुतेक वेळा इम्पोर्टमधून, म्हणजे बाहेरची फाइल मॅनेजरमध्ये भरताना, येतात. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर या अ‍ॅपने २०२५ च्या ऑगस्टमध्ये साठवलेले पासवर्ड दाखवणे बंद केले, तेव्हा अनेकांनी घाईने फाइल काढून ती दुसऱ्या मॅनेजरमध्ये भरली आणि काहींनी खात्रीसाठी पुन्हा एकदा भरली. बिटवॉर्डनसारखा मॅनेजर इम्पोर्ट करताना ती नोंद आधीपासून आहे का, हे तपासत नाही. तीच फाइल दोनदा भरली, तर सगळे काही दुप्पट होते.

दुसरा प्रकार पत्ता बदलल्यामुळे होतो, आणि आपल्याकडे तो सध्या विशेष जाणवतो. आयकर विभागाचे ई-फायलिंग ७ जून २०२१ रोजी नव्या पत्त्यावर गेले. ज्यांनी त्याआधी पासवर्ड साठवला होता आणि नंतर नव्या पानावर पुन्हा साठवला, त्यांच्याकडे एकाच पॅनच्या दोन नोंदी असतात. रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या पत्त्यावर जाण्यास सांगितले. त्यामुळे जुन्या पत्त्याची एक आणि नव्याची एक, अशा जोड्या घरोघरी तयार झाल्या आहेत. या तंतोतंत प्रती नव्हेत. खाते एक असले, तरी पासवर्ड बहुधा दोन्हीकडे वेगळे असतात आणि चालू त्यांतला एकच असतो.

तिसरा प्रकार दुबार नसून केवळ तसा दिसतो, आणि यंत्र नेमके येथे फसते. आमच्या कार्यालयात जीएसटी पोर्टलच्या जितक्या नोंदी आहेत तितके ग्राहक आहेत. संकेतस्थळ एकच असले, तरी प्रत्येक फर्मचा यूजर आयडी वेगळा आहे. मध्य प्रदेश शासनाच्या संकेतस्थळांचीही अशीच स्थिती आहे. इंदुरातच मुख्यालय असलेला राज्य लोकसेवा आयोग आणि भोपाळचे कर्मचारी निवड मंडळ, या दोघांचे पत्ते ‘एमपी डॉट गव्ह डॉट इन’ यानेच संपतात. बिटवॉर्डन मूळ डोमेन, म्हणजे पत्त्याचा हा शेवटचा सामायिक भाग, पाहून नोंदी जुळवत असल्यामुळे भंवरकुआँच्या कोचिंग वर्गांना जाणाऱ्या उमेदवाराला एका परीक्षेच्या पानावर दुसरीचा पासवर्डही सुचवला जातो, आणि त्याला ती दुबार नोंद वाटते. अशा वेळी नोंद पुसू नये. तिच्या पत्त्यासमोरील जुळणीची पद्धत बदलून ‘होस्ट’ करावी, म्हणजे प्रत्येक नोंद आपापल्या पानापुरती राहते.

म्हणून कोणताही मार्ग निवडण्याआधी एक कसोटी पक्की असावी: पत्ता आणि यूजर आयडी हे दोन्ही एकाच खात्याचे असतील, तरच नोंद दुबार मानावी. नुसत्या नावावरून किंवा नुसत्या संकेतस्थळावरून काहीही पुसू नये.

हाताने निवडणे

हा मार्ग संथ आहे, परंतु कोणती नोंद जिवंत आहे या प्रश्नाचे खरे उत्तर फक्त येथे मिळते, कारण ते प्रत्यक्ष लॉगिन केल्यावरच कळते. वडिलांच्या आयकर खात्याचे उदाहरण देते. त्यांच्या नावे तीन नोंदी होत्या. एक जुन्या पत्त्याची होती आणि तीत पॅन लहान अक्षरांत लिहिलेला होता. दुसरी नव्या पत्त्याची, मोठ्या अक्षरांतील पॅनची. तिसरी मोबाइलवरील अ‍ॅपमधून आपोआप साठलेली होती आणि तिच्या पत्त्याच्या जागी केवळ अ‍ॅपची ओळख होती. माणसाला या तिन्ही एकच वाटतात. अक्षर न् अक्षर जुळवणाऱ्या यंत्राला मात्र त्या तीन स्वतंत्र नोंदी दिसतात, आणि कोणत्याही स्वयंचलित सोयीने त्या एकत्र केल्या नसत्या.

अशा वेळी आधी तिन्हींच्या शेवटच्या बदलाची तारीख पाहावी आणि सर्वांत अलीकडच्या नोंदीने लॉगिन करून पाहावे. ती चालली तर तीच मुख्य नोंद ठरवावी. मग उरलेल्या नोंदी उघडून त्यांत दुसरीकडे कोठेही नसलेले काही आहे का, हे शोधावे. सुरक्षा प्रश्नाचे उत्तर, रिकव्हरी कोड, ओटीपी तयार करणारी गुप्त किल्ली, एखादी टीप असे जे सापडेल ते मुख्य नोंदीत हलवावे. बिटवॉर्डन, वनपासवर्ड आणि कीपासएक्ससी या तिन्हींमध्ये एका नोंदीला एकापेक्षा अधिक पत्ते जोडता येतात, त्यामुळे संकेतस्थळ आणि अ‍ॅप यांसाठी दोन नोंदी ठेवण्याची गरज राहत नाही. पासकी (पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली) मात्र अशी हलवता येत नाही. ज्या नोंदीत पासकी आहे तीच मुख्य ठेवावी किंवा संकेतस्थळावर जाऊन नवी पासकी तयार करावी.

बँकेच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. नवा पत्ता एसएमएसमधील दुव्यावरून कधीही उचलू नये. बँकेच्या अधिकृत कागदावरून तो पाहून स्वतः टाइप करावा, लॉगिन करून पाहावे आणि मगच नोंदीत जोडावा. त्यानंतर जुना पत्ता नोंदीतून काढून टाकावा. सोडून दिलेला पत्ता पुढे कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही, आणि तेथे पासवर्ड आपोआप भरला जाण्याची शक्यता शिल्लक ठेवणे योग्य नाही.

फाइल काढून स्प्रेडशीटमध्ये गाळणे

नोंदी हजाराच्या घरात असल्या की हा मार्ग मोहात पाडतो: सीएसव्ही फाइल काढायची, एक्सेलमध्ये दुबार ओळी काढून टाकायच्या, मॅनेजर रिकामा करायचा आणि नवी फाइल भरायची. ऐकायला हे सोपे आहे.

पहिली अडचण अशी की क्रोम आणि बिटवॉर्डन या दोघांच्याही सीएसव्ही फाइलमध्ये बदलाची तारीख नसते. पत्ता, यूजर आयडी आणि पासवर्ड मिळतो, पण दोन पासवर्डांपैकी नवा कोणता, हे त्या फाइलकडे पाहून कळणे शक्य नाही. निर्णयासाठी जी माहिती सर्वांत आवश्यक आहे, तीच येथे गळून जाते. बिटवॉर्डनमधून जेसन या दुसऱ्या स्वरूपात काढलेल्या फाइलमध्ये तारखा असतात, परंतु ती फाइल हाताळणे सर्वांना जमण्याजोगे नाही.

दुसरी अडचण एक्सेलची आहे. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे सदस्याचा क्रमांक, १२ अंकी असतो आणि सदस्य पोर्टलवर तोच यूजर आयडी असतो. सीएसव्ही फाइल दुहेरी क्लिक करून उघडली, तर एक्सेल त्या आकड्याला घातांकी रूपात दाखवते आणि तशीच जतन केली, तर शेवटचे अंक कायमचे जातात. ०७३१ ने सुरू होणारा दूरध्वनी क्रमांक यूजर आयडी असेल, तर त्यातले शून्य उडते. बरोबरच्या (=) चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड सूत्र समजला जातो. हाच मार्ग घ्यायचा असेल, तर लिबरऑफिस कॅल्कमध्ये फाइल उघडताना येणाऱ्या चौकटीत सर्व स्तंभ ‘मजकूर’ म्हणून निवडावेत, म्हणजे हे टळते.

याशिवाय बिटवॉर्डनच्या सीएसव्हीत कार्डे, ओळखपत्रांच्या नोंदी, जोडलेल्या फाइली आणि पासकी येत नाहीत, आणि पूर्वीच्या पासवर्डांचा इतिहासही येत नाही. तिजोरी, म्हणजे मॅनेजरमधील नोंदींचा पूर्ण साठा, रिकामी करण्याचा पर्याय वापरला, की नोंदी ट्रॅशमध्येही (पुसलेल्या नोंदींच्या टोपलीतही) जात नाहीत. सर्वांत गंभीर बाब म्हणजे ती फाइल उघड्या मजकुराची असते. कार्यालयातील संगणकावर डाउनलोड्सचे फोल्डर इंटरनेटवरील ड्राइव्हशी जोडलेले असेल, तर सगळ्या ग्राहकांचे पासवर्ड आपल्याला कळण्याआधीच दुसरीकडे पोहोचलेले असतात. नंतर फाइल पुसली तरी संगणकातील एसएसडी या साठवणुकीच्या भागावरून ती खरोखर नाहीशी झाली, याची खात्री देता येत नाही.

एवढे असूनही एका परिस्थितीत हा मार्ग मला योग्य वाटतो. नवा मॅनेजर नुकताच घेतलेला आहे, त्यात अजून पासकी किंवा जोडलेल्या फाइली नाहीत, आणि दुबार नोंदी केवळ दोनदा इम्पोर्ट झाल्यामुळे आल्या आहेत. तेव्हा फाइल गाळतही बसू नये. तिजोरी रिकामी करावी आणि मूळ फाइल एकदाच भरावी.

मॅनेजरची स्वतःची सोय

येथे प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे. विंडोजवरील मूळ कीपासमध्ये डेटाबेसच्या साधनांत दुबार नोंदी पुसण्याची थेट आज्ञा आहे. मजकूर आणि जोडलेल्या फाइली पूर्णपणे सारख्या असतील, तरच ती नोंद पुसते, त्यामुळे ती निर्धोक आहे. मात्र वर सांगितलेल्या पॅनच्या तीन नोंदींना ती हातही लावणार नाही. कीपासएक्ससी दोन डेटाबेस एकत्र करताना प्रत्येक नोंदीची अंतर्गत ओळख पाहते. एकाच फाइलच्या दोन प्रती लॅपटॉप आणि मोबाइलवर वेगवेगळ्या बदलल्या गेल्या असतील, तर ती त्या नीट जुळवते आणि जुना मजकूर इतिहासात ठेवते. पण त्याच खात्याची नोंद दोन्हीकडे स्वतंत्रपणे केलेली असेल, तर एकत्र केल्यावर दोन्ही शिल्लक राहतात.

वनपासवर्डचे वॉचटॉवर हे तपासणीचे साधन हुबेहूब नोंदी शोधून दाखवते आणि त्या पुसण्याऐवजी संग्रहात ठेवण्याची सोय देते. ही सोय मला फार मोलाची वाटते, परंतु त्यासाठी दर वर्षी पैसे मोजावे लागतात. बिटवॉर्डनमध्ये दुबार नोंदी एकत्र करण्याची सोय नाही. त्याच्या सशुल्क अहवालात पुन्हा वापरलेले पासवर्ड दिसतात आणि त्यावरून दुबार नोंदींचा माग लागतो, पण निवड आपल्यालाच करावी लागते. मोफत आणि सर्व उपकरणांवर चालणारा मॅनेजर म्हणून तरीही मी घरी तोच ठेवला आहे. गूगलचा पासवर्ड मॅनेजर इम्पोर्टच्या वेळी आधीच्या नोंदीशी विरोध आढळला तर विचारतो. ज्यांचे सर्व काम एका अँड्रॉइड फोनवर चालते, त्यांना ते पुरेसे आहे.

कार्यालयासाठी

अनेकांची खाती सांभाळणाऱ्या कार्यालयाने स्वयंचलित सोय आणि स्प्रेडशीट, हे दोन्ही मार्ग सोडून द्यावेत असे मला ठामपणे वाटते. एका फर्मचा आयडी दुसरीच्या नोंदीत मिसळला, तर त्याची किंमत ग्राहकाला मोजावी लागते. प्रत्येक नोंदीच्या शीर्षकात आधी फर्मचे नाव आणि मग पोर्टलचे नाव लिहावे. अशाने नावानुसार लावलेल्या यादीत एका फर्मच्या सगळ्या नोंदी शेजारी येतात आणि खरी दुबार नोंद नजरेला लगेच पडते. सामायिक तिजोरीत असलेली नोंद कोणीही आपल्या खासगी तिजोरीत पुन्हा साठवू नये, कारण ग्राहकाने पासवर्ड बदलला की त्यांतली एकच प्रत अद्ययावत होते.

पुसण्याची वेळही विचारपूर्वक निवडावी. बिटवॉर्डनमध्ये पुसलेली नोंद ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते. मासिक विवरणाची २० तारीख उलटल्यावर, म्हणजे २१ किंवा २२ तारखेला सफाई केली, तर पुढच्या महिन्याची ११ तारखेची जीएसटीआर-१ आणि २० तारखेची ३बी, ही दोन्ही विवरणे त्या ३० दिवसांतच भरली जातात. एखादी चालू नोंद चुकून गेलीच असेल, तर ती तेवढ्यात लक्षात येते आणि परत आणता येते. तिमाही विवरण भरणाऱ्या ग्राहकांना हा हिशेब पुरत नाही. त्यांच्या संशयास्पद नोंदी पुसू नयेत, वेगळ्या फोल्डरमध्ये हलवाव्यात आणि तिमाहीचे विवरण भरून झाल्यावरच काढून टाकाव्यात.