शिकागोच्या लेकफ्रंट ट्रेलवर हायब्रिड सायकल: वापरानंतरचा अनुभव

मिशिगन तळ्याकाठच्या लेकफ्रंट ट्रेलवर, नेव्ही पिअर धक्क्याजवळच्या फ्लायओव्हरवर चढताना माझ्या हायब्रिड (रस्त्याची आणि माउंटन यांच्या मधल्या प्रकारच्या) सायकलची चेन दातावरून सटकायला लागली, म्हणून हे लिहायला घेतलं. दुकानात नेली. चेन, कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच), पुढचं चक्र असं सगळं बदलायला सांगितलं. मजुरी धरून आकडा सायकलच्या निम्म्या किमतीपुढे गेला. मी सायकल तशीच घरी आणली आणि फूटपट्टी काढली.

चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंचांत बसायला हव्यात. 1/16 इंच वाढल्या की चेन बदलायची. 1/8 वाढल्या तर कॅसेटचे दातही झिजलेले असतात. माझी चेन 1/16 च्या किंचित पुढे होती. फक्त चेन बदलली, सटकणं थांबलं. सामान्य ग्राहकाला एवढं सांगायलाही कुणी तयार नसतं, याचा मला खरोखर राग येतो.

चेन इतक्या लवकर का झिजली? वाळू. नॉर्थ अॅव्हेन्यू बीच ते ओक स्ट्रीट बीच हा काँक्रीटचा पट्टा अगदी पाण्याला लागून आहे. वारा सुटला की दोन्ही टोकांना वाळू रस्त्यावर येते, ईशान्येचा जोर असला तर लाटाही. मिशिगन तळ्याचं पाणी गोडं, त्यामुळे कोकण किनाऱ्यासारखा खारा गंज इथे नाही. पण ओल्या, चिकट तेलावर वाळू बसली की चेन आतून घासली जाते. मेणाचं, सुकणारं तेल वापरा आणि फेरीनंतर फडक्याने पुसा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि फडकं फुकट आहे.

बाकी सायकल चांगली. रुंद टायर सुरुवातीला मला संथ वाटले होते, अरुंद घ्यायचा विचार होता. आता तो सोडला. फ्लायओव्हरचे जोड, काँक्रीटच्या फटी, ती वाळू, या सगळ्यांवरून ते शांतपणे जातात. सीट ठीक. मडगार्ड वेगळे घ्यावे लागतात, घ्याच.

ट्रेलबद्दल मात्र मनापासून. उत्तरेला आर्डमोरपासून दक्षिणेला 71व्या स्ट्रीटपर्यंत सुमारे 29 किलोमीटर, आणि 2018पासून सायकलींना आणि चालणाऱ्यांना वेगवेगळ्या वाटा. फ्लायओव्हरचं काम 2014ला सुरू होऊन 2021ला तो खुला झाला, तेव्हापासून नदीजवळच्या सिग्नलांची कटकटही संपली. घाई नसेल तर माँट्रोज हार्बरपासून निघा, मधे म्युझियम कॅम्पसपाशी थांबून मागे वळून इमारती बघा, आणि हाइड पार्कच्या प्रोमाँटरी पॉइंटवर चुनखडीच्या पायऱ्यांवर बसून डबा खा. दशम्या आणि लसणीची चटणी पोर्टेबल जेवण म्हणून उत्तम, सांडत नाही.

एक गोष्ट निघण्याआधी बघाच: वाऱ्याची दिशा. वारा दक्षिणेचा असेल तर जाताना तो समोरून घ्या, पाय ताजे असताना. उलट केलं तर परतीच्या वाटेवर प्रत्येक मैल दुप्पट वाटतो.

हीच सायकल पुन्हा घेईन का? हो, याच किमतीला. फक्त पहिल्याच दिवशी मेणाच्या तेलाची बाटली आणि एक सुटी चेन सोबत घेईन, आणि ओक स्ट्रीटजवळ रोज सकाळी झाडू फिरवला जावा अशी पार्कच्या लोकांना विनंती आहे.