वायरिंग माझं बरोबर होतं

लेकाला उन्हाळ्याच्या सुट्टीत हातात धरून खेळायचा गेम कन्सोल हवा होता. विकत घेण्यापेक्षा घरीच बनवू, तोही शिकेल, म्हणून रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा छोटासा संगणक-बोर्ड घेतला, छोटी स्क्रीन घेतली, जुन्या रिमोटची बटणं काढली. पुठ्ठ्याचा पहिला साचा त्यानेच कापला. सगळं नीट जमत गेलं. अडलं ते बॅटरीपाशी, आणि तिथेच माझी फसवणूक झाली. पैसे फार मोठे गेले नाहीत. पण जे सेल मला विकले गेले ते माझं पोर छातीवर ठेवून, गादीवर पडून खेळत होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१८६५० मापाचे चार लिथियम-आयन सेल मी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून फोनवर ऑर्डर देऊन मागवले. दोन वापरायला, दोन जादा. प्रत्येकावर ३४०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) छापलेलं. चार सेलचे १२८० रुपये यूपीआयने पाठवले. बिल आलं ते कच्चं, चिठ्ठीवर हाताने लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही. पुढे त्याच चिठ्ठीने माझे हात बांधले.

बॅटरी मॉनिटर लावायचं कारण साधं आहे. झिरोला अ‍ॅनालॉग इनपुट नसतो, त्यामुळे बॅटरीत किती उरलंय हे त्याला स्वतःहून कळत नाही. चालू खेळात वीज गेली की मेमरी कार्डावरच्या फाइल बिघडू शकतात. म्हणून करंट आणि व्होल्टेज मोजणाऱ्या आयएनए २१९ चिपचं मॉड्यूल बसवलं. सेलची धन तार संरक्षक सर्किटमधून मॉड्यूलच्या व्हीआयएन प्लसला, व्हीआयएन मायनसमधून ५ व्होल्ट करणाऱ्या बूस्ट कन्व्हर्टरला. झिरोशी बोलायच्या दोन तारांपैकी एसडीए झिरोच्या ३ नंबरच्या पिनवर, एससीएल ५ वर, ग्राउंड ६ वर. मॉड्यूलचा व्हीसीसी, म्हणजे त्याला वीज देणारी तार, मुद्दाम १ नंबरच्या, म्हणजे ३.३ व्होल्टच्या पिनवर घेतला. तो ५ व्होल्टला जोडला तर एसडीए-एससीएलच्या तारांवरही ५ व्होल्ट चढतात आणि पायच्या पिना ते सोसायला बनलेल्या नाहीत. मॉड्यूलचा ४० (हेक्स) हा पत्ता झिरोला पहिल्याच स्कॅनमध्ये दिसला. लेकाने टाळ्या वाजवल्या.

खेळताना सेलमधून सरासरी ७५० मिलिअँपिअर जात होते. दोन सेल समांतर, म्हणजे लेबलप्रमाणे ६८०० एमएएच. नऊ तास चालायला हवं. दोन तास पाच मिनिटांत स्क्रीन काळी झाली. माझा प्रोग्राम दर १० सेकंदांनी करंट मोजून बेरीज करत होता, ती बेरीज आली १५६० एमएएच. खेळ सुरू होताच व्होल्टेज ४.१ वरून धाडकन ३.८ वर यायचं, तेही त्यात नोंदलेलं होतं. मॉनिटरने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं.

मी विक्रेत्याला फोन केला. तो अतिशय गोड बोलला. "मॅडम, सेल ओरिजिनल आहेत, शंभर टक्के. तुम्ही घरी सोल्डर केलंय ना? मग डाग कच्चा राहिला असेल. त्या मॉड्यूलचा रेझिस्टर करंट खातो, रीडिंग चुकतं." हे बोलणं मला पटलं, कारण त्यात थोडं तथ्य होतं. त्या मॉड्यूलवर आर१०० लिहिलेला ०.१ ओहमचा शंट, म्हणजे करंट मोजायचा रेझिस्टर, असतो, त्यावर ७५० मिलिअँपिअरला ०.०७५ व्होल्ट पडतात. पण एवढ्याने नऊ तासांचे दोन तास होत नाहीत. हा हिशेब मला येत होता, पण मी तो तिथे लावला नाही. समोरचा माणूस धंद्यातला आणि मी घरी शिकलेली, असं मनात बसलं होतं.

तीन वेळा सगळे डाग उकलून पुन्हा दिले. तारा जाड घेतल्या. बूस्ट कन्व्हर्टर बदलला. निकाल तोच.

मग त्याने सांगितलं, "हे मॉड्यूल बॅटरीसाठी नाहीच. फ्युएल गेज घ्या, माझ्याकडे आहे." फ्युएल गेज म्हणजे बॅटरीत किती टक्के उरलंय ते सांगणारी चिप. ६५० रुपयांना मॅक्स १७०४८ चं मॉड्यूल, वर कुरियरचे १२०. तेही लावलं. टक्केवारी शंभरवरून बघता बघता चाळीसवर यायची आणि तिथून एकदम आठवर. पुन्हा फोन केला तर म्हणाला, "मॅडम, गेजला बॅटरी शिकायला वेळ लागतो. पाच-सहा वेळा पूर्ण चार्ज करा, पूर्ण उतरवा, मग बरोबर दाखवेल." मी इमानदारीने सहा वेळा केलं. दिवसाला एक फेरी. त्यात सात दिवसांची परतीची मुदत निघून गेली. त्याला हवं होतं ते एवढंच.

नंतर मी त्या चिपची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, उघडली. पहिल्याच पानावर वैशिष्ट्यांमध्ये लिहिलंय की हिला शिकण्याची गरज लागत नाही. व्होल्टेजवरून मॉडेलने अंदाज बांधणं हेच तिचं काम. डेटाशीट फुकट मिळते, दोन मिनिटांत उघडते. ती मी फोन करायच्या आधी वाचायला हवी होती. विक्रेता कुठल्याही चिपबद्दल "तिला वेळ द्या" म्हणाला, तर तुम्ही आधी तिची डेटाशीट वाचा आणि परतीची तारीख बघा.

खरा उलगडा शेजारच्या काकांनी केला. त्यांनी तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेत. मी चौथ्यांदा सोल्डरिंग गन तापवत होते तेव्हा ते आले. "अगं, किती वेळा तेच तेच उकलतेस? सगळं काढून ठेव. ना तुझा कन्सोल, ना मॉड्यूल. नुसता सेल आण."

त्यांनी १० ओहम ५ वॅटचा सिमेंटचा पांढरा रेझिस्टर सेलधारकाच्या दोन तारांना जोडला आणि त्यावर मल्टीमीटर लावला. बाकी काही नाही. सेल पूर्ण चार्ज केलेला. ३.७ व्होल्ट सरासरी धरली तर करंट ०.३७ अँपिअर. ३४०० एमएएच खरे असते तर नऊ तास लागले असते. आम्ही चहा घेतला, लेक वही घेऊन दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत बसला. तीन व्होल्टवर सेल आला तेव्हा सुरुवातीपासून दोन तास पाच मिनिटं झाली होती. म्हणजे जेमतेम ७७० एमएएच. दोन सेलचे मिळून १५४०. माझ्या मॉनिटरची बेरीज होती १५६०.

मला अक्षरशः रडू आलं. राग होताच, पण सुटल्यासारखंही वाटलं. वायरिंग माझं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून.

मग काकांनी सेल उलटा करून चष्म्यावर भिंग धरलं आणि मला दाखवलं. बुडाच्या पत्र्यावर गोल गोल घासल्याच्या रेघा, आणि त्यांच्याखाली दोन-दोन बारीक खड्डे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडतात, तिचे हे व्रण. पट्टी उपटून, पत्रा घासून, वर नवं चकचकीत हिरवं आवरण चढवलेलं. आवरणाच्या कडेला नखाने जरा सरकवलं तर आतून दुसऱ्या रंगाचं आवरण दिसलं. घरी ब्लेडने हे आवरण कापू नका. धन टोक आणि त्याच्याभोवतीची डब्याची कड यांच्यात शॉर्ट व्हायला क्षणही लागत नाही.

थकलेले, वेगवेगळ्या वयाचे सेल समांतर जोडले की चांगला सेल वाईटाला करंट पाजत राहतो. आमचा एक सेल चार्जिंगला लावला की हाताला कोमट लागायचा. मी समजत होते, चार्जरमुळे असेल.

विक्रेत्याला फोटो आणि वहीतले आकडे पाठवले. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे पहिला प्रश्न पक्क्या बिलाचा होता. माझ्याकडे यूपीआयचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपचं बोलणं आणि ती चिठ्ठी, एवढंच होतं. तेच दिलं आहे.

नवे सेल मी पक्क्या बिलावर घेतले. भारतात पोर्टेबल वापराच्या लिथियम सेलना आयएस १६०४६ या मानकाप्रमाणे बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. आवरणावर आर ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर तो टाकून पाहता येतो. माझ्या हिरव्या सेलवर असं काहीच नव्हतं. १८६५० च्या मापात चांगल्या कंपन्यांचे बहुतेक सेलसुद्धा ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात, त्यामुळे ९९०० वगैरे लिहिलेला सेल दिसला तर तो हातातही घेऊ नका. पण माझ्यावर ३४०० लिहिलं होतं, पटण्यासारखं. म्हणून आता सेल आला की आधी बूड भिंगाखाली बघते, मग रेझिस्टरवर उतरवून मोजते, आणि आकडा व तारीख मार्करने सेलवरच लिहून ठेवते. कन्सोलला हात त्यानंतर.

कन्सोल आता साडेआठ तास चालतो. आयएनए २१९ तेच आहे, तारा त्याच आहेत. ते चार हिरवे सेल टोकांना चिकटपट्टी लावून, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात गॅलरीत ठेवलेत. पुढच्या रविवारी ई-कचरा गोळा करणारी गाडी येईल तेव्हा देणार आहे. ते परत कुणाच्या हिरव्या आवरणात जाऊ नयेत म्हणून काकांनी प्रत्येकावर लाल मार्करने ७७० लिहिलंय.